पाय सुजतो, पण अडथळा पोटात असतो

आजचा विषय पत्रिकेवर जरा जड शब्दांत छापला आहे, ‘पायाच्या खोल शिरांमधील जुनाट अडथळा आणि स्टेंट’. सोप्या भाषेत सांगायचं तर पाय वर्षानुवर्षं सुजतोय, जड होतोय, घोट्याजवळ काळा पडलाय, जखम भरत नाहीये, आणि सगळे सांगतात, “आता असंच चालायचं”. अशा माणसासाठी खरंच काही करता येतं का, हे आज पाहायचं आहे.

एका ताईंपासून सुरुवात करतो. पूर्व विदर्भातल्या. वय चौतीस. दुसऱ्या बाळंतपणानंतर दुसऱ्या आठवड्यात त्यांचा डावा पाय मांडीपासून सुजला. आमच्याकडे आल्या तेव्हा त्या गोष्टीला नऊ वर्षं झाली होती. मधल्या काळात त्यांना हत्तीपाय आहे असं सांगितलं गेलं. त्यात सांगणाऱ्यांचीही फार चूक म्हणता येणार नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात हत्तीरोग खरोखरच आहे, त्यामुळे सुजलेला पाय दिसला की पहिलं नाव तेच तोंडात येतं. रात्रीचं रक्त तपासून झालं, डीईसीच्या गोळ्या झाल्या, सूज जागच्या जागी. शेवटी घोट्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी जखम झाली. ती ड्रेसिंगने भरायची, पुन्हा उघडायची. मी विचारलं, ताई, चालताना काय होतं? त्या म्हणाल्या, “चालली का पाय फुटते की काय असं वाटते जी. बसली, पाय वर घेतला, की मग बरं वाटते.”

हे वाक्य लक्षात ठेवा. चालताना पाय फुटेल असं वाटणं आणि पाय वर घेतल्यावर उतरणं. धमनी अरुंद झालेल्या माणसालाही चालताना पोटरी दुखते, पण तो नुसता उभा राहिला तरी एक-दोन मिनिटांत त्याला बरं वाटतं. शिरेचा रोगी उभा राहून बरा होत नाही, त्याला पाय वर लागतो. अर्धं निदान इथेच होतं, एकही तपासणी न करता.

हत्तीपायाशी फरक कसा करायचा, तेही सांगून टाकतो, कारण आपल्याकडे याचा गोंधळ फार आहे. हत्तीपायात पावलाचा वरचा भाग आणि बोटंसुद्धा फुगतात, आणि दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरता येत नाही. शिरेच्या आजारात बोटं बहुधा सुटलेली असतात, घोट्याच्या वर तपकिरी-काळा रंग येतो, आणि जखम झाली तर ती बहुधा आतल्या घोट्याच्या वरच होते. काही लोकांना दोन्ही आजार असतात, ही आणखी एक पंचाईत.

आता मुळात शीर काम कशी करते ते बघू. शाळेत आपण शिकलो, धमन्यांत शुद्ध रक्त, शिरांत अशुद्ध रक्त. त्या ‘अशुद्ध’ शब्दानं शिरांचं फार नुकसान केलंय असं मला वाटतं. सगळ्यांचं लक्ष धमन्यांकडे. पण विचार करा, पायात खाली आलेलं रक्त वर हृदयापर्यंत जायचं कसं? तिथे ढकलायला हृदय नाही. ढकलते ती पोटरी. पाऊल टाकलं की पोटरीचे स्नायू आवळतात, आतल्या खोल शिरा पिळल्या जातात, रक्त वर जातं, आणि शिरेतल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. नुसतं उभं राहिलं तर घोट्याजवळच्या शिरेत ८० ते ९० मिलीमीटर पाऱ्याइतका दाब असतो. निरोगी माणूस चार पावलं चालला की तोच दाब ३० च्या खाली येतो. म्हणजे निरोगी माणसासाठी चालणं हा पायाचा आराम आहे, आणि उभं राहणं ही शिक्षा.

आता समजा वर, जांघेच्या वर ओटीपोटात, रस्ताच बंद आहे. पोटरी आवळते, रक्त वर ढकलते, आणि ते पुढे जाऊन अडतं. तुंबलेल्या गटारात वरून बादली ओतावी तसं. चालताना धमनीतून रक्त येतंय जास्त, जायला वाट नाही. मग पाय फुटेल असं वाटणारच. हा वाढलेला दाब वर्षानुवर्षं राहिला की रक्तातल्या लाल पेशी बारीक केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतात, त्यातलं लोह कातडीत साचतं, तोच तो काळा डाग. कातडी टणक होते, आणि एक दिवस डास चावल्याचं किंवा खरचटल्याचं निमित्त होऊन जखम होते.

रस्ता बंद कशामुळे होतो? बहुतेकदा जुन्या गुठळीमुळे. डीव्हीटी हा शब्द तुम्ही ऐकला असेल. ऑपरेशननंतर, बाळंतपणानंतर, कॅन्सरमध्ये, प्लॅस्टरमध्ये पाय असताना, किंवा घराण्यातच रक्त गोठण्याची प्रवृत्ती असेल तर खोल शिरेत गुठळी होते. आपण रक्त पातळ करणारी गोळी देतो. इथे एक गैरसमज दूर करतो. ती गोळी गुठळी विरघळवत नाही. ती फक्त वाढू देत नाही, आणि तुकडा सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका कमी करते. विरघळवायचं काम शरीर स्वतः करतं, जमेल तसं, आणि नेहमी पूर्ण जमतंच असं नाही. उरलेली गुठळी चिवट धाग्यांची होते. वाळलेलं घोसाळं कापून पाहिलंय? आत जाळी असते. जुन्या गुठळीनंतर शिरेच्या आत तसंच होतं. बाहेरून शीर आहे, आतून जाळी, आणि रक्त त्यातून पाझरत जातं. डीव्हीटी झालेल्या दर दहांत दोन ते पाच जणांना पुढे कमी-अधिक प्रमाणात हा त्रास मागे राहतो.

दुसरं कारण जन्मजात रचनेचं आहे, आणि ते फार रंजक आहे. डाव्या पायाची मोठी शीर ओटीपोटात वर जाते तेव्हा तिच्या अंगावरून उजव्या पायाची धमनी आडवी जाते. खाली कंबरेचा मणका, वर धडधडणारी धमनी, मध्ये शीर. बागेतल्या ओल्या पाइपवर कुणी पाय ठेवून उभं राहावं तशी. गुठळ्या डाव्या पायात जास्त होतात हे फिर्खो यांनी १८५१ मध्येच नोंदवलं होतं. पुढे १९५७ मध्ये ऑस्ट्रियात मे आणि थर्नर या दोघांनी ४३० मृतदेह तपासले, आणि २२ टक्क्यांत त्या दाबाच्या जागी शिरेच्या आत पडदे, गाठी तयार झालेल्या पाहिल्या. सततच्या घासण्यानं पडलेले घट्टेच म्हणा ना. म्हणून त्याला आजही मे-थर्नर म्हणतात. आमच्या त्या ताईंचं हेच झालं होतं. आधीच दबलेली शीर, त्यात गरोदरपणाचा भार, त्यात बाळंतपणानंतर गोठण्याकडे झुकलेलं रक्त.

पण लगेच सावध करतो. २००४ मध्ये एका अभ्यासात पायाची काहीही तक्रार नसलेल्या लोकांचे सीटी स्कॅन पाहिले, तर जवळपास चौथ्या हिश्श्यात डावी शीर निम्म्याहून जास्त दबलेली होती. निम्म्याहून जास्त! आणि माणसं ठणठणीत. म्हणजे रिपोर्टमध्ये ‘मे-थर्नर’ लिहून आलं म्हणून कुणी स्टेंट टाकायला निघाला असेल, तर त्याला आधी विचारा, माझ्या पायाला नेमका त्रास काय आहे? फोटोवर उपचार करायचा नसतो.

बरं, रस्ता बंद झाला तर शरीर गप्प बसत नाही. घाटात दरड कोसळली की गाड्या आडवाटेनं जातात ना, तसं. जांघेवर, ओटीपोटावर, कधी थेट छातीपर्यंत वेड्यावाकड्या शिरा फुगून दिसतात. त्या व्हेरिकोज नाहीत! तो पर्यायी रस्ता आहे. कुणी त्या दिसायला वाईट म्हणून काढून टाकल्या, तर असलेली वाटही बंद. पण आडवाट ती आडवाट, हमरस्त्याची वाहतूक तिच्यानं पेलत नाही.

पूर्वी यावर शस्त्रक्रिया होती. उरुग्वेचे पाल्मा यांनी दुसऱ्या पायाची वरवरची शीर सोडवून, जघनावरून आडवी आणून, बंद पायाच्या शिरेला जोडली. कल्पना सुरेख, पण करणारे हात मोजके. म्हणून बहुतेक रोग्यांच्या वाट्याला पट्टी, मोजे आणि ड्रेसिंग एवढंच राहिलं.

स्टेंटनं चित्र बदललं. ‘स्टेंट’ हे एका दंतवैद्याचं आडनाव आहे. लंडनचे चार्ल्स स्टेंट यांनी १८५६ मध्ये दातांचा साचा घेण्याचं एक मिश्रण काढलं, आणि फिरत फिरत ते नाव रक्तवाहिनीतल्या जाळीला चिकटलं. तुम्ही स्टेंट म्हटलं की हृदय आठवता. पण हे दोन वेगळे प्राणी आहेत. हृदयातला स्टेंट साधारण तीन मिलीमीटर रुंद, फुग्यावर बसवून फुगवतात. ओटीपोटातल्या शिरेला लागतो चौदा, सोळा, अठरा मिलीमीटरचा, म्हणजे तुमच्या अंगठ्याएवढा जाड, आणि कधी कधी वीतभर किंवा जास्त लांब. तो आपोआप उघडणारा असतो, बहुधा नायटिनॉल या निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूचा. दाबला तर परत पूर्वपदावर येतो. वरून धमनी रात्रंदिवस ठोके देणार, माणूस वाकणार, मांडी घालून बसणार, या सगळ्यात टिकायचंय त्याला. नुसता फुगा फुगवून का चालत नाही? कारण ती शीर रबरासारखी परत मिटते. आधार ठेवावाच लागतो.

बरीच वर्षं दुसऱ्या कामासाठी बनवलेले स्टेंटच शिरेत वापरले जात होते. शिरेसाठी खास बनवलेल्या स्टेंटना अमेरिकेच्या एफडीएची मान्यता २०१९ पासून मिळू लागली. त्यातही सगळं सुरळीत झालं नाही. २०२१ मध्ये त्यातला एक स्टेंट जागेवरून सरकल्याच्या तक्रारी आल्यावर कंपनीने बाजारातून मागे घेतला. नवीन म्हणजे चांगलंच असं नसतं.

प्रत्यक्ष करतात कसं? छाती उघडत नाहीत, पोट कापत नाहीत. सोनोग्राफीत पाहत मांडीतल्या किंवा गुडघ्यामागच्या शिरेत सुई घालायची, कधी मानेतूनही. मग तार. ही तार त्या घोसाळ्याच्या जाळीतून पलीकडे काढणं हे खरं काम. वीस मिनिटांत निघते, नाहीतर तीन तास लागतात, आणि कधी निघतच नाही, तेव्हा हात जोडून बाहेर यावं लागतं. तार गेली की फुग्याने रस्ता रुंद करायचा. त्या वेळी कंबरेत कळ येते, म्हणून भूल किंवा चांगली गुंगी हवी. मग शिरेच्या आतून सोनोग्राफी, तिला आयव्हस म्हणतात. बारीक नळीच्या टोकावर सोनोग्राफीचा डोळा. ही मला फार महत्त्वाची वाटते. औषध सोडून काढलेला एक्स-रे बाहेरून सावली दाखवतो, आणि चपटी झालेली शीर समोरून रुंदच दिसते, जशी चपटी पट्टी एका बाजूने पाहिली तर रुंद दिसते. २०१७ मध्ये १०० रुग्णांत दोन्ही तपासण्या करून पाहिल्या, तर आयव्हसनंतर ५७ जणांची उपचाराची योजना बदलली. हे केल्याशिवाय स्टेंट टाकणं म्हणजे मापाशिवाय सदरा शिवणं.

आणि स्टेंट चांगल्या शिरेपासून चांगल्या शिरेपर्यंत न्यायचा. रोगट भाग मध्ये सोडून दिला, पैसे वाचवायला एक स्टेंट कमी टाकला, तर तो बंद होतो. वरून कितीही रुंद रस्ता करा, खालून मांडीतून रक्तच नीट येत नसेल तर संथ रक्त गोठणार. ज्याची मांडीची खोल शीरही पूर्ण बाद आहे त्याला मी बहुधा नाही म्हणतो.

आता आकडे, कारण तुम्ही विचारणारच. अमेरिकेत मिसिसिपीमध्ये नेग्लेन आणि राजू यांनी ९८२ पायांचा अनुभव २००७ मध्ये मांडला. सहा वर्षांनी, गुठळी न होता नुसती दबलेली शीर होती त्यांच्यात ७९ टक्के स्टेंट पुन्हा हात न लावता उघडे होते. जुन्या गुठळीच्या रोग्यांत मात्र ५७ टक्के; काहींत पुन्हा दुरुस्ती करून हा आकडा ८६ वर गेला. म्हणजे जुन्या गुठळीच्या रोग्याने हे एकदाचं काम समजू नये. पाच वर्षांनी दुखणं पूर्ण थांबलेले ६२ टक्के, सूज पूर्ण गेलेले फक्त ३२ टक्के, आणि जखम भरून तशीच राहिलेले ५८ टक्के. सूज सगळ्यात हट्टी. मी रोग्याला आधीच सांगतो, पाय हलका होईल, पण दोन्ही पायांत एका मापाची चप्पल येईलच याची हमी नाही.

आमच्या ताईंची जखम तीन-साडेतीन महिन्यांत भरली. सूज निम्मी राहिली. त्या आता रोवणीला जातात, मोजे मात्र घालत नाहीत. मी रागावतो, त्या हसतात. चिखलात कुणी मोजे घालतं का, हा त्यांचा प्रश्नही बरोबरच आहे.

दुसरा रोगी सांगतो, तो मला जास्त आठवतो. पन्नाशीचे कंडक्टर. उत्तम स्टेंट बसला, दुसऱ्या दिवशी चालत घरी गेले. तिसऱ्या आठवड्यात दाढ दुखली, ती काढायची म्हणून कुणीतरी सांगितलं, रक्त पातळ करणारी गोळी बंद ठेवा. त्यांनी आम्हाला न विचारता आठ दिवस बंद ठेवली. स्टेंट गच्च बंद झाला. आम्ही पुन्हा उघडायचा प्रयत्न केला, नाही जमला. चूक त्यांची नव्हती. सुटी देताना आम्ही कागदावर लिहून द्यायला हवं होतं की, कुणीही गोळी बंद करायला सांगितली तर आधी या नंबरवर फोन करा. तेव्हापासून आम्ही ते ठळक अक्षरांत लिहून देतो.

‘रक्त पातळ करायची गोळी’ या शब्दातच घोळ आहे. हृदयाच्या स्टेंटनंतर ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल देतात. त्या प्लेटलेटवर काम करतात. शिरेत रक्त संथ असतं, गुठळी वेगळ्या प्रकारची, म्हणून तिथे गोठण रोखणारी औषधं लागतात: एसिनोकुमेरॉल, वॉरफरिन किंवा नवी रिव्हारोक्सॅबानसारखी. घरात आजोबांची उरलेली ॲस्पिरिन आहे, तीच घेतो, असं करू नका. पहिल्या दोन औषधांसाठी आयएनआर तपासावा लागतो, आणि पालेभाजी एकदम वाढवायची नाही, एकदम सोडायचीही नाही.

प्रश्नोत्तरं घेऊ या.

प्रश्न: सरकारने स्टेंटच्या किमती कमी केल्या होत्या, मग हा एवढा महाग का?

उत्तर: फेब्रुवारी २०१७ मध्ये जी किंमत बांधली, ती हृदयाच्या धमनीतल्या स्टेंटची होती. शिरेचा स्टेंट त्यात नव्हता. एका पायाला दोन-तीनही लागू शकतात, वर फुगे आणि आयव्हसची नळी. म्हणून खर्चाचा अंदाज एका स्टेंटवर घेऊ नका, पूर्ण कामाचा लेखी घ्या.

प्रश्न: स्टेंट सरकून हृदयात जातो का?

उत्तर: क्वचित, पण गेलेला आहे, आणि मग ते गंभीर असतं. आखूड आणि अरुंद स्टेंट मोठ्या शिरेत टाकला की हा धोका वाढतो. म्हणून मापावर मी एवढा वेळ घालवला. आणि म्हणूनच त्रास नसलेल्या माणसात तो टाकू नये.

प्रश्न: माझ्या मुलीला डाव्या बाजूला स्टेंट आहे. पुढे बाळंतपण चालेल का?

उत्तर: चालतं. स्टेंट असताना व्यवस्थित पार पडलेली बाळंतपणं आहेत. पण आधी ठरवून करा. वॉरफरिन, एसिनोकुमेरॉल गर्भाला घातक ठरू शकतात, नव्या गोळ्याही गरोदरपणात देत नाहीत. त्या काळात हेपरिनची इंजेक्शनं देतात. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आम्ही, दोघांनाही दिवस राहण्याआधी भेटा.

प्रश्न: आईच्या पायाला बारा वर्षं जखम आहे. तिला व्हेरिकोजचं लेझरही झालंय. आता काय करू?

उत्तर: पायाची डॉप्लर सोनोग्राफी झाली असेल, पण बहुतेक वेळा ती जांघेपाशी थांबते. या वेळी जांघेच्या वर, पोटातल्या शिराही बघा असं चिठ्ठीवर लिहून घ्या. सकाळी उपाशीपोटी जा, पोटात वायू असेल तर वरचं दिसत नाही. पायाच्या नाड्या लागतात का तेही तपासून घ्या, कारण धमनीच अरुंद असेल तर घट्ट पट्टीने पाय जाऊ शकतो. पूर्वी कधी पाय एकदम सुजला होता का, कुठल्या बाळंतपणानंतर, कुठल्या ऑपरेशननंतर, हे आईला शांतपणे विचारा आणि लिहून आणा. जुने कागद असतील ते फाटके असले तरी चालतील, घेऊन या.